राखाडी रंगाचे डबे

नोव्हेंबरात विंको गेला, तेव्हापासून माझ्या डोळ्यांतून टिपूस आलेलं नाही. रडायचं नाही असं काही मी ठरवलं नव्हतं. येतच नाही, त्याला मी काय करू? दफनाच्या दिवशी शेजारची रोझा कानाशी येऊन म्हणाली, "रड गं तिल्का, मोकळी हो." मी म्हटलं, "आधी तू रडून घे, मग बघू." ती खरंच रडली. मी तिच्या टोपीला लावलेली पिन बघत उभी राहिले. पिन वाकडी होती.

तेव्हापासून हे असंच चाललंय. कॉफीला चव नाही. चूल पेटवली की ऊब येते, पण ती दुसऱ्याच कुणा बाईला लागतेय असं वाटतं. माझी मुलगी ब्रिगिता रोज फोन करते, "कशी आहेस?" मी म्हणते, "बरी आहे." खोटं नाही ते. दुखत काहीच नाही. दुखत नाही हेच तर दुखणं आहे, पण हे फोनवर कसं सांगायचं?

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात स्लाव्को आला. आमच्या गावच्या गिर्यारोहण मंडळाचा तो सचिव, विंकोचा शाळेपासूनचा दोस्त. टोपी काढून विंकोच्या खुर्चीत बसला, बसल्या बसल्या ताडकन उठला आणि बाकावर जाऊन बसला.

"बस की तिथेच," मी म्हटलं. "खुर्ची चावत नाही."

"नको, इथं बरंय." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली, परत उचलली, परत ठेवली. "तिल्का, कोपित्साच्या वाटेचं विचारायला आलो होतो."

कोपित्सा म्हणजे आमच्या घरामागचा डोंगर. त्याच्यावरची वाट विंकोची. म्हणजे मालकीची नव्हे. आमच्या मंडळात एकेका वाटेवरच्या खुणा एकेकाने सांभाळायच्या असतात. झाडाच्या बुंध्यावर नाहीतर खडकावर लाल कडं काढायचं, त्याच्या मध्ये पांढरा ठिपका. उन्हापावसाने रंग उडाला की परत भरायचा, फांद्या आड आल्या की छाटायच्या. आमचं लग्न व्हायच्या आधीपासून विंको ते करत होता. ईस्टरच्या सोमवारी सगळं गाव नटूनथटून फिरायला निघतं, आणि आमचं कुटुंब रंगाचे डबे घेऊन कोपित्सा चढायचं. लोकांच्या पोरांच्या हातात चॉकलेटं, माझ्या पोरांच्या हातात कात्री. ब्रिगिता लहानपणी म्हणायची, "आपण गरीब आहोत का गं?"

गेल्या ऑगस्टात असा पाऊस झाला की कोपित्साच्या माथ्याखालची सगळी उतरणच खाली आली. वाट आता हवेत जाऊन संपते. मंडळाच्या बैठकीत वाट बंद करायचं ठरलं, तेव्हा पहिला हात विंकोनेच वर केला. "खूण म्हणजे दिलेला शब्द असतो," म्हणाला. "पाळता येत नसेल तर परत घ्यावा." दुसऱ्या दिवशी जाऊन राखाडी रंगाचे डबे घेऊन आला आणि तळघरात ठेवले. बर्फ वितळला की वसंतात खुणांवर राखाडी हात फिरवून त्या बुजवायच्या, हंगामाचे लोक यायच्या आत. असं त्याचं ठरलेलं होतं. मग नोव्हेंबर आला. सकाळी लाकडं आणायला अंगणात गेला आणि तिथेच बसला. बसला तो बसलाच.

"मी मंडळाची पोरं पाठवतो," स्लाव्को म्हणाला. "तू बघूसुद्धा नकोस. सकाळी जातील, संध्याकाळपर्यंत उरकून येतील."

"आम्ही जाऊ," मी म्हटलं.

"आम्ही म्हणजे कोण?"

"घरचे. ईस्टरच्या सोमवारी. दरवर्षी जातो तसे."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तळघरातून बंदूकच काढून आणलीये. पण माझं गणित साधं होतं. दफन झालं, पहिला नाताळ गेला, त्याचे कपडे दिले, त्याचे बूटसुद्धा दिले, आणि मला काहीही वाटलं नाही. आता त्याचं एवढंच उरलंय जगात, झाडाझाडावर. ते मी माझ्या हाताने पुसलं, तर तेव्हा तरी आत काहीतरी हलेल. आणि तेव्हाही नाही हललं, तर मग मी अशीच राहणार, कायमची. ते एकदाचं कळून जाऊ दे.

हे मी स्लाव्कोला सांगितलं नाही. त्याला पोतित्साचा, म्हणजे आमच्याकडच्या अक्रोड भरून गुंडाळलेल्या गोड पावाचा, तुकडा दिला. तो खाता खाता बराच वेळ काय काय सांगत होता, कुठे बर्फ आहे, कुठे काय करायचं. त्याच्या मिशीला अक्रोडाचा कण चिकटला होता. मी त्या कणाकडे बघत मान डोलावत होते.

ईस्टरच्या रविवारी पोरं आली. ब्रिगिता आणि तिचा नवरा गेझा, माझा मुलगा येर्ने. चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेली टोपली मी टेबलावर ठेवली. हॅम, किसलेलं हॉर्सरॅडिशचं तिखट मूळ, कांद्याच्या सालांत रंगवलेली अंडी, पोतित्सा. विंको असताना हे जेवण झालं की तो नकाशा पसरायचा. चाळीस वर्षं चढलेल्या डोंगराचा नकाशा! चमचे मांडून वाट दाखवायचा, मिठाची बाटली म्हणजे झरा. कोण पुढे, कोण मागे, कुणाच्या पाठीवर काय, सगळं सांगायचा, आणि आम्ही जांभया द्यायचो.

या वेळी नकाशा मी पसरला. कोपरे उडू नयेत म्हणून मुरंब्याच्या बरण्या ठेवल्या.

"गेझा, डबे तुझ्याकडे. ब्रिगिताकडे ब्रश आणि चिंध्या. येर्ने खाणं घेईल. सकाळी लवकर निघायचं. दक्षिणेच्या अंगाला बर्फ नाही, नुसता पाचोळा आहे."

"मी येणार नाही," येर्ने म्हणाला. आल्यापासून त्याचं तोंड फुगलेलंच होतं. "बाबांच्या खुणा मी पुसणार नाही. मंडळाला एवढी हौस असेल तर त्यांनी पुसाव्यात. आपण का?"

"कारण आपण दरवर्षी जातो."

"रंगवायला जातो, आई! पुसायला नाही!"

"रंगच लावायचाय," मी म्हटलं. "दुसरा."

मग गेझाने घसा खाकरला. हा आमचा जावई पूर्वेकडच्या सपाटीवरचा. त्यांच्याकडे उंच म्हणजे चर्चचा मनोरा. लग्नानंतर पहिल्यांदा कोपित्सावर नेला तेव्हा अर्ध्या वाटेवर झाडाला मिठी मारून बसला होता. "आई, मी डबे घेतो," तो म्हणाला. "फक्त मला कड्याच्या बाजूने चालवू नका. आणि हॅम जास्त घ्या."

"तुला डोंगर दिसला की भूकच लागते," ब्रिगिता म्हणाली.

"भीती लागते. खाल्लं की कमी होते."

येर्नेला हसू आलं, आवरता आवरेना. "आणि आई बीचच्या झाडांत पोचली की काय ओरडायची, आठवतं? दरवर्षी! 'ए विंको, आता कुठून?' आणि बाबा पुढून कुठूनतरी..."

"'नाकासमोर, बाई! नाकासमोर!'" ब्रिगिता आणि गेझा एकदमच म्हणाले.

तिघंही हसले, आणि हसता हसता एकदम माझ्याकडे बघू लागले. मी सुरी घेऊन आणखी हॅम कापलं. पातळ, सारखे काप पडले.

नंतर भांडी विसळायला दोघं भावंडं स्वयंपाकघरात गेली. दार नीट लागत नाही आमचं. "ती रडतच नाही रे," ब्रिगिता कुजबुजत होती. "मी तिला मिठी मारते तेव्हा कपाटाला मिठी मारल्यासारखं वाटतं. मला तर वाटतं, बाबांबरोबर तीपण गेलीये." थोड्या वेळाने येर्ने बाहेर आला आणि म्हणाला, "खाण्याची पिशवी मी घेतो." मी बरं म्हटलं. पोरगी बोलली ते खरंच होतं, राग कशाचा धरायचा?

सोमवारी सकाळी निघालो. पहिली खूण शेवटच्या वाडीजवळच्या लिंडनच्या झाडावर. तिघंही माझ्यामागे येऊन उभे राहिले, जणू मी आता कोसळणार आणि त्यांनी झेलायचं. मी डबा उघडला, ब्रश बुडवला आणि लाल कड्यावरून फिरवला. पांढरा ठिपका जरा वर उठून दिसत होता, त्याच्यावरून परत फिरवला. झालं. झाड राहिलं.

"आई?" ब्रिगिता म्हणाली.

"ठिबकतंय ते पूस," मी म्हटलं. "आणि मागच्या बाजूचीही करून टाकूया लगेच."

विंको प्रत्येक ठिकाणी दोन खुणा काढायचा, एक चढताना दिसेल अशी, एक उतरताना. परत येणाऱ्यालाही वाट लागतेच की, म्हणायचा. आम्ही शहाण्यांनी दोन्ही एकदमच उरकायचं ठरवलं. पुन्हा कशाला थांबा?

असे चढत गेलो. बुंधा, खडक, बुंधा. मी रंगवत होते, ब्रिगिता ओघळ पुसत होती, गेझा डबे धापा टाकत आणत होता. झऱ्याजवळच्या खडकावर येर्नेने माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. ती खूण त्याने सहा-सात वर्षांचा असताना स्वतः काढलेली होती, कडं जरा वाकडं. विंकोने ते कधीच सरळ केलं नव्हतं. दरवर्षी तस्संच वाकडं भरायचा. येर्नेने ती बुजवली. तोंडाने सगळ्या मंडळाला, पावसाला, देवाला शिव्या देत होता आणि डोळे वाहत होते. मी बाजूला उभी राहून बघत होते. आपण पोराला जवळ घ्यावं, हे मला कळत होतं. हात उचलला गेला नाही.

बीचचं जंगल लागलं. इथे जमीन सपाट, झाडं सगळी सारखी, राखाडी सालीची, आणि खाली पोटरीपर्यंत पाचोळा. वाट अशी दिसतच नाही. तिथल्या खुणा बुजवून वर निघालो, आणि दुपारी जिथे वाट हवेत संपते तिथे पोचलो. शेवटची खूण एका खडकावर होती, आणि खडकाच्या पलीकडे काही नव्हतं. खाली नुसती माती, उपटलेली झाडं आणि दगड.

शेवटची खूण मीच बुजवली. हळू बुजवली. प्रत्येक फटकाऱ्याबरोबर वाट बघत होते. आता येईल काहीतरी. आता. लाल गेलं, पांढरं गेलं. राखाडी डाग राहिला, ओला. मी ब्रश चिंधीला पुसला.

काही आलं नाही.

बसून जेवलो. गेझा अंड्यांची टरफलं खिशात भरत होता, कारण आशीर्वादाच्या अन्नातलं काही टाकायचं नसतं, घरी नेऊन चुलीत घालायचं असतं. एवढं मात्र त्याला बरोबर ठाऊक. मी पोतित्सा चावत होते. चला, कळलं एकदाचं, मी मनात म्हटलं. म्हणजे हे असंच राहणार. त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही, बघा.

उतरायला लागलो तेव्हा खालून धुकं वर आलं. मार्चअखेरीला येतंच ते. बीचच्या जंगलात शिरलो आणि थोडं चाललो आणि थांबलो. सवयीने सगळ्यांनी माना वर करून पुढची खूण शोधली.

खूण नव्हती.

"कुठंय?" गेझा म्हणाला.

आमच्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. मग ब्रिगिता मटकन पाचोळ्यातच बसली. "आपणच पुसल्या," ती म्हणाली. "अरे देवा. खालून वर पुसत आलो आपण. सगळ्या."

तेव्हा मला स्लाव्कोच्या मिशीतला कण आठवला आणि त्या कणाखालचं तोंडही हलताना आठवलं. "वरून खाली या, तिल्का. ऐकतेयस ना? आधी वर जायचं, मग पुसत पुसत खाली यायचं." आणि मी मान डोलावली होती.

"पण तुम्ही इतक्या वर्षांत इतक्या वेळा आलायत ना इथे?" गेझा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "तुम्हाला वाट पाठ असेल!"

"बाबा पुढे असायचे," येर्ने म्हणाला. त्याने फोन काढला, हात वर करून फिरवला. "हा म्हणतोय आपण दरीच्या पलीकडच्या अंगाला आहोत."

डावीकडे कुठेतरी दगड सुटला आणि बराच वेळ खाली जात राहिला. ती ढासळलेली बाजू. किती लांब होती, कळत नव्हतं. धुकं इतकं दाट होतं की ब्रिगिताची टोपी दिसत होती, तोंड दिसत नव्हतं.

आणि माझ्या तोंडून गेलं. मी ठरवून नाही केलं. त्या जागी आलं की माझ्या तोंडून ते जातंच, इतकी वर्षं गेलंय.

"ए विंकोऽ! आता कुठून?"

माझा आवाज त्या झाडांत गेला. मी खरंच थांबले, उत्तरासाठी. कान देऊन उभी राहिले, जशी दरवर्षी राहायचे. पाचोळ्यावर धुक्याचे थेंब पडत होते तेवढे ऐकू येत होते. तो म्हणेल. आता म्हणेल. पुढे गेला असेल जरा, ऐकलं नसेल.

मग मला कळलं. नोव्हेंबरात सगळ्यांना कळलं होतं, मला तिथे कळलं. तो पुढे नाही. कुठेच नाही. मी कितीही ओरडले तरी आता कुणीही पुढून काहीही म्हणणार नाही.

"तो बोलत नाहीये," मी म्हटलं. मूर्खासारखं. "ब्रिगिता, अगं, तो बोलत नाहीये."

आणि मी जी रडले! लहान पोरीसारखी, तोंड उघडं टाकून. एवढं दुखलं, की छातीवर हात दाबून धरावा लागला. ब्रिगिताने मला मिठी मारली, आणि तिच्या कोटाचा ओला वास, तिच्या गालाचा गारवा, सगळं मला लागलं. येर्ने येऊन आम्हा दोघींना धरून उभा राहिला. गेझाही आला. खिशातली टरफलं चुरचुरली.

"मेल्या," मी हुंदक्यांतच म्हटलं, "ती टरफलं चुरडू नकोस."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. तोल सावरायला म्हणून मी शेजारच्या बुंध्यावर हात टेकला होता. काढायला गेले तर तो चिकटला. तळहात बघितला. राखाडी.

गारठ्यात रंग वाळलाच नव्हता. राखाडी सालीवर राखाडी रंग, डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण हाताला लागत होता. नाक जवळ नेलं तर वासही येत होता.

"येर्ने, तू या झाडाला धरून उभा राहा. हलू नकोस," मी म्हटलं. नाक कोटाच्या बाहीला पुसलं. "एका खुणेवरून दुसरी दिसलीच पाहिजे, असं तो काढायचा. म्हणजे लांब नसणार. ब्रिगिता, गेझा, एकमेकांचे हात धरा. साखळी तोडू नका."

मी पुढे झाले. कोरडा बुंधा. कोरडा. कोरडा. चौथ्याला हात चिकटला. "सापडलं!" मी ओरडले, तसे ते तिघं आवाजाच्या रोखाने आले, आणि मी पुढच्याकडे निघाले. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, त्याचा उपयोगही नव्हता, दिसायचं काहीच नव्हतं. प्रत्येक बुंध्यावर सकाळी मी रंग लावला होता, आणि त्या रंगाखाली त्याने लावलेला होता. बरोबर छातीच्या उंचीवर, बरोबर वळणाआधी. मी प्रत्येकाला हात लावत होते आणि प्रत्येक वेळी नव्याने दुखत होतं.

जंगल उताराला लागलं तशी मी बरीच पुढे गेले असणार. मागे धुक्यात त्यांची पावलं थांबलेली ऐकू आली. मग ब्रिगिताचा आवाज आला, घाबरलेला, लहानपणी यायचा तसा.

"आई! आता कुठून?"

मी वळले. काही दिसत नव्हतं. माझा हात ओल्या झाडावर होता.

"नाकासमोर, बाई," मी म्हटलं. आवाज फुटला, म्हणून परत मोठ्याने म्हटलं, "नाकासमोर!"

आणि पाचोळ्यातून ते माझ्याकडे येऊ लागले.